वाचकांचे प्रश्न : चांदीचे ठिपके आणि चालू जनुके

गेल्या अंकातल्या न्यूक्लिओलसवरच्या (केंद्रकातल्या, रायबोसोम घडवणाऱ्या गोळ्यावरच्या) लेखात असे म्हटले होते की, सिल्व्हर नायट्रेट वापरले की रायबोसोमल आरएनएची चालू जनुके गुणसूत्रांवर काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. त्यावर बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी सहांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : चांदी डीएनएवर बसत नाही, प्रथिनांवर बसते, असे त्याच लेखात पुढे लिहिले आहे. मग ठिपका दिसला म्हणजे जनुक चालू, हे कसे? पोस्टमन दारात दिसला म्हणून घरात कुणी आहे, असे थोडेच ठरते?
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

शंका रास्त आहे, आणि लेखातले ते वाक्य जरा घाईचेच होते. पोस्टमनपेक्षा चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भांड्यांचा दाखला जवळचा ठरेल. भांडी पाहून स्वयंपाक झाला एवढे कळते. चूल आत्ता पेटलेली आहे का, ते कळत नाही.

माणसात ही जनुके १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांच्या आखूड भुजांवर एकापुढे एक अशा रांगेने असतात. पेशीमागे सगळ्या मिळून सुमारे ३०० ते ४०० प्रती. प्रत्येक प्रतीपासून आधी एक लांबलचक आरएनए बनतो आणि तो कापून १८एस, ५.८एस आणि २८एस असे तीन तुकडे होतात. चौथा, म्हणजे ५एस, पहिल्या गुणसूत्रावर वेगळाच बसलेला असतो आणि त्याला लागणारे एन्झाइमही वेगळे. चांदी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

जी रांग चालू असते तिच्यावर आरएनए पॉलिमरेज १ हे आरएनए बनवणारे एन्झाइम आणि यूबीएफ नावाचे प्रथिन बसलेले असते. भोवती न्यूक्लिओलिन आणि बी२३ ही प्रथिने जमतात. यांतल्या बऱ्याच प्रथिनांत ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचे लांब पट्टे आहेत, म्हणून ती चांदीचे आयन धरून ठेवतात. पेशी विभाजनाला लागली की आरएनए बनणे थांबते. न्यूक्लिओलस विरघळतो, न्यूक्लिओलिन आणि बी२३ बहुतांशी तिथून निघून जातात. यूबीएफ आणि पॉलिमरेजचे काही भाग मात्र जागा सोडत नाहीत. मेटाफेजच्या, म्हणजे विभाजनात गुणसूत्रे मधोमध ओळीत येतात त्या टप्प्याच्या, गुणसूत्रावर दिसणारा ठिपका तो हाच. म्हणजे विभाजनाच्या आधीच्या इंटरफेजमध्ये ही रांग चालू होती, एवढीच त्याची साक्ष.

ही साक्ष खरी मानायला एक भक्कम आधार १९७६ साली मिळाला. माणूस आणि उंदीर यांच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या संकरित पेशींत मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की, ज्या पेशींत फक्त उंदराचा रायबोसोमल आरएनए बनत होता, तिथे माणसाची ती गुणसूत्रे हजर असूनही त्यांच्यावर चांदी चढत नव्हती. जनुके होती, पण बंद होती. चांदी प्रथिनांवरच बसते, याची खात्री तुमच्या ओळखीच्या कुणा विद्यार्थ्यालाही करून घेता येईल. एक स्लाइड आरएनेज (आरएनए तोडणारे एन्झाइम) लावून रंगवायची आणि दुसरी ट्रिप्सिन (प्रथिने तोडणारे एन्झाइम) लावून. पहिलीवर ठिपके राहतात, दुसरीवरचे जातात.

प्रश्न : रक्तातल्या लिम्फोसाइटच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) मेटाफेज स्लाइडवर चांदीने रंगवले, पण दर वेळी सगळीकडे काळी वाळू पसरते. ठिपके कुठले आणि घाण कुठली, तेच कळत नाही. आमच्या सरांनी ५० टक्के द्रावण आणि ७० अंश एवढेच सांगितले आहे.
— एमएस्सीची विद्यार्थिनी, सयाजीगंज

काळी वाळू म्हणजे द्रावणातच तयार झालेले चांदीचे कण. ते प्रथिनावर बसलेले नसतात, वरून पडलेले असतात. फाइन फोकसचा नॉब थोडा फिरवून पाहा : खरा ठिपका गुणसूत्राबरोबर एकाच पातळीत स्पष्ट होतो, वाळू त्याच्या किंचित वर तरंगते.

तुमच्या सरांनी सांगितले ती हॉवेल आणि ब्लॅक यांची १९८० ची पद्धत. त्याआधी १९७५ ची गुडपास्चर आणि ब्लूम यांची अमोनिया घातलेल्या चांदीची पद्धत होती, ती जास्त कटकटीची. १९८० च्या पद्धतीत दोनच द्रावणे लागतात. पहिल्यासाठी १०० मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन पूर्ण विरघळवायचे आणि त्यात १ मिली फॉर्मिक ॲसिड घालायचे. दुसरे म्हणजे ८ मिली डिस्टिल्ड पाण्यात ४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, तपकिरी बाटलीत. स्लाइडवर जिलेटिनचे २ थेंब, लगेच चांदीचे ४ थेंब, कव्हरस्लिप, आणि ७० अंशांच्या हॉट प्लेटवर.

आता स्लाइडवरून नजर हलवू नका. पहिली काही सेकंदे थेंब पाण्यासारखा असतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास कडेने पिवळसर झाक येते, मग ती आत सरकते, आणि दोन मिनिटांच्या सुमारास सगळा थेंब दूध न घातलेल्या पातळ चहासारखा सोनेरी तपकिरी होतो. तिथेच उचला. वॉश बॉटलमधल्या डिस्टिल्ड पाण्याचा झोत द्या म्हणजे कव्हरस्लिप आपोआप वाहून जाईल. चिमट्याने ओढायला गेलात तर पेशी खरवडल्या जातील. तपकिरी रंग गडद होण्याची वाट पाहिली की वाळू आलीच.

घड्याळापेक्षा रंगावर भरवसा ठेवा. दोन मिनिटे हा आकडा हॉट प्लेटच्या पृष्ठभागाचा ताप खरोखर ७० असेल तरच लागू पडतो. डायल ७० दाखवतो तेव्हा मधला भाग ७८ आणि कड ६२ असू शकते. प्लेटवर पाण्याचा थेंब ठेवून त्यात थर्मोमीटर बुडवा आणि जागा ठरवून घ्या.

तरीही वाळू पडत असेल तर संशय पाण्यावर घ्या. बडोद्याच्या नळाला, मग ते आजव्याचे असो की महीचे, क्लोरीन घातलेले असते, आणि बोअरच्या पाण्यात मीठ त्याहूनही जास्त. क्लोराइड आणि चांदी भेटली की पांढरा सिल्व्हर क्लोराइड तयार होतो आणि उजेडात जांभळट काळा पडतो. तुमच्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमधून ५ मिली टेस्टट्यूबमध्ये घ्या आणि चांदीचा एक थेंब टाका. दुधाळ झाले तर तो कॅन परत करा. स्लाइड आणि बीकर शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच विसळायचे, हे सगळे मनाशी पक्के करतात आणि निम्मे जण विसरतात. घामाच्या हाताने धरलेली स्लाइडही अंगठ्याच्या जागी काळी पडते, म्हणून हातमोजे घाला. लोखंडी चिमटा द्रावणात बुडवू नका. धातू चांदी खाली पाडतो.

जिलेटिन शिळे असेल तरी असेच होते. दोन आठवड्यांपेक्षा जुने वापरू नका, आणि जानेवारीत बाटलीत थिजलेले दिसले तर कोमट करून पुन्हा पातळ करा. त्यात गुठळी राहिली तर त्याच गुठळीभोवती काळा डाग उमटतो. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घेणे स्वस्तात पडते.

खर्चाचे म्हणाल तर १० ग्रॅम चांदी २० मिलीत होते, एका स्लाइडला सुमारे ०.२ मिली लागते. म्हणजे शंभरेक स्लाइड. प्रयोगासाठी चार खराब स्लाइड आधी बिघडवून घ्या, त्यावर हात बसेल.

स्लाइड ताजी असली तर ठिपके फिके येतात, म्हणून पसरल्यावर दोन-तीन दिवस कोरड्या डब्यात ठेवा. आणि काळे ठिपके नेमके दिसू लागल्यावर २ टक्के जिएम्सामध्ये (गुणसूत्रे निळी करणाऱ्या रंगात) काही मिनिटेच ठेवा, नाहीतर निळ्या गुणसूत्रात काळा ठिपका बुडून जातो.

प्रश्न : माणसाच्या पेशीत असे दहा ठिपके यायला हवेत. माझ्या नोंदीत कधी सहा, कधी आठ, एकदा नऊ. काही जनुकसमूह गायब आहेत की माझीच चूक?
— संशोधक विद्यार्थी, कारेलीबाग

दहा ही वरची मर्यादा आहे, अपेक्षित संख्या नाही. निरोगी माणसाच्या लिम्फोसाइटमध्ये सातापासून दहापर्यंत काहीही मिळू शकते, आणि प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो. रांगेत प्रती किती आहेत आणि त्यांतल्या किती चालू आहेत, यावर ठिपक्याचा आकार ठरतो. प्रती कमी असल्या किंवा बंद असल्या तर ठिपका दिसतच नाही. म्हणून ठिपका नाही म्हणजे जनुक नाही, असे लिहू नका. फार तर मागच्या इंटरफेजमध्ये चालू नव्हते, असे लिहा. जनुक जागेवर आहे की नाही हे पाहायला रायबोसोमल डीएनएचा प्रोब, म्हणजे त्या जनुकाला जुळणारा चमकणारा डीएनएचा तुकडा, लावून फिश (FISH) नावाची चाचणी करावी लागते. ती चालू, बंद सगळेच दाखवते. एकाच मेटाफेजवर दोन्ही करायचे असेल तर आधी चांदीचे फोटो काढा, ठिकाणांचे आकडे लिहा, मग पोटॅशियम फेरिसायनाइड आणि सोडियम थायोसल्फेटने चांदी उतरवून फिश करा.

एकाच माणसाच्या पेशीपेशीत फरक का, याची कारणे तुमच्या मोजणीतच आहेत. पहिले कारण जोड. ॲक्रोसेंट्रिक, म्हणजे वर सांगितलेल्या पाच जोड्यांच्या, गुणसूत्रांची टोके एकमेकांना चिकटतात, त्यांच्या मधोमध काळा धागाही दिसतो. अशा जोडात दोन ठिपके असताना एक मोजला जातो. १००एक्स तेलाच्या भिंगाखाली जोडातली गुणसूत्रे मोजा, तेवढेच ठिपके लिहा, आणि 'जोडात' अशी वेगळी खूण करा. दुसरे, रंग कमी चढला असेल तर छोटे ठिपके हुकतात. तिसरे, आणि सर्वांत फसवे : रंग जास्त चढला तर प्रत्येक गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर, म्हणजे दोन भुजा जुळतात तिथे, कायनेटोकोअरच्या जागी, छोट्या ठिपक्यांची जोडी उमटते. ती सगळ्याच गुणसूत्रांवर असते, तेवढ्यावरून ओळखा, आणि ती स्लाइड मोजणीतून बाद करा.

किमान २० ते ३० पेशी मोजा आणि सरासरीबरोबर सर्वाधिक वेळा आलेला आकडाही द्या. ठिपक्यांना ०, १, २, ३ असे आकाराप्रमाणे गुण देण्याची पद्धत चांगली आहे, पण गुण देणारी व्यक्ती एकच ठेवा आणि तिला नमुन्याचे नाव न सांगता स्लाइड द्या.

एखाद्या माणसात वरची मर्यादाच दहाऐवजी आठ असेल तर दचकू नका. १३ आणि १४ ही दोन गुणसूत्रे मध्यभागी जुळून एक झाली असतील तर त्यांच्या दोन आखूड भुजा गळून गेलेल्या असतात. अशा रॉबर्टसोनियन जोडीची माणसे सहसा निरोगीच असतात. दोन रांगा गेल्या तरी उरलेल्या काम भागवून नेतात.

प्रश्न : अकरावीच्या वर्गाला रक्त आणि कल्चर न घेता काही दाखवता येईल का?
— जीवशास्त्राचे शिक्षक, मांजलपूर

कांद्याच्या मुळात न्यूक्लिओलस सुरेख दिसतात. त्यासाठी हॉट प्लेटवरची पद्धत घेऊ नका. अख्खे मूळच चांदीत भिजवण्याची जुनी पद्धत वर्गासाठी बरी. कांदा लहान, घट्ट आणि कोंब न फुटलेला घ्या. बाजारातल्या काही कांद्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून किरणोत्साराची प्रक्रिया केलेली असते, त्यांना मुळेही नीट येत नाहीत. खंडेराव मार्केटमधून दोन-तीन दुकानांचे कांदे मिसळून आणा म्हणजे एखादा तरी चांगला निघेल. तळाची जुनी सुकलेली मुळे खरवडा, कांदा टेस्टट्यूबच्या तोंडावर असा बसवा की तळ पाण्याला जेमतेम टेकेल. मूळ दोन-तीन सेंटीमीटरचे झाले की तोडा. मे महिन्यात ४० अंशांवर मुळे करपतात. हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.

टोकाचे ४ ते ५ मिलिमीटर कापून १० टक्के फॉर्मॅलिन आणि १ टक्का हायड्रोक्विनोनच्या मिश्रणात तीन तास ठेवा. डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा धुवा. फॉर्मॅलिन राहून गेले तर चांदी तिथल्या तिथे काळी पडते. मग २ टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये, अंधारात, ७० अंशांवर रात्रभर. सकाळी पाण्यात एक डुबकी, लगेच फॉर्मॅलिन-हायड्रोक्विनोनच्या ताज्या मिश्रणात तासभर. मूळ तपकिरी झालेले दिसेल. ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये टोक मऊ करा, स्लाइडवर ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने दाबा. पिवळ्या केंद्रकात काळपट तपकिरी गोळे दिसतात. मूळ आत कोरे आणि फिके राहिले तर रात्रभराची वेळ कमी पडली. बाहेरून पूर्ण काळे असेल तर सकाळची पाण्यातली डुबकी फारच थोडी झाली.

कांद्यात गुणसूत्रे १६ असतात, पण एका केंद्रकात न्यूक्लिओलस साधारण एक ते चार दिसतात, आणि विद्यार्थी लगेच विचारतात की आकडा कमी-जास्त का. विभाजन संपल्यावर प्रत्येक चालू जागेवर एक छोटा न्यूक्लिओलस तयार होतो, आणि मग ते एकमेकांत मिसळतात. म्हणून इंटरफेजमधली संख्या चालू जागांइतकी किंवा त्यापेक्षा कमी येते, जास्त कधी नाही. विद्यार्थ्यांना शंभर केंद्रके मोजून तक्ता करू द्या, हा भाग त्यांना मनापासून आवडतो. फॉर्मॅलिन मात्र शिक्षकांनीच हाताळावे, आणि खिडकी उघडी असावी.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये पॅराफिन सेक्शनवर (मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ कापांवर) चांदीचे ठिपके मोजून गाठ साधी की कर्करोगाची, हे सांगता येईल का? दोन तंत्रज्ञांच्या मोजणीत दुप्पट फरक पडतो.
— पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, रावपुरा

निदान करू नका. ठिपके पेशी किती वेगाने वाढते आहे याच्याशी जोडलेले असतात. साध्या आणि घातक गाठींच्या आकड्यांची हद्द एकमेकींत शिरते. निदान झाल्यावर पुढच्या वाटचालीचा अंदाज घेण्यासाठी ती मदतीची माहिती आहे, एवढेच.

दुप्पट फरक येण्याचे मुख्य कारण जाडी आणि व्याख्या. ५ मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये एकावर एक ठिपके दिसतात, म्हणून ३ मायक्रॉनचा काढा. आणि न्यूक्लिओलसच्या काळ्या गोळ्याला एक ठिपका धरायचे, की आत वेगळे दिसणारे कण मोजायचे, हे आधी लिहून ठरवा. एकाने गोळा मोजला आणि दुसऱ्याने कण, की दुप्पट फरक झालाच. शक्य असेल तर संख्येचा नादच सोडा. कॅमेऱ्याने काळ्या भागाचे क्षेत्रफळ मोजा, त्यात माणसाचा कौल कमी येतो.

१९८६ ची प्लोटोन यांची पद्धत तुम्हाला सोयीची : १ भाग जिलेटिन-फॉर्मिक आणि २ भाग ५० टक्के चांदी, ऐन वेळी मिसळून, अंधारात. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असे असते, आणि बडोद्याची खोली जानेवारीत २२ तर मेमध्ये ३८ अंश. तेवढ्यात वेळ निम्म्यावर येते. ३७ अंशांचा इनक्युबेटर धरा आणि वेळ त्याच्यावर बसवा. १० मिलिमोलर सायट्रेट बफरमध्ये, पीएच ६.०, १२० अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह केले तर ठिपके जास्त स्पष्ट येतात आणि स्लाइडस्लाइडमधला फरकही कमी होतो. पारा किंवा डायक्रोमेट असलेल्या फिक्सेटिव्हमधला (ऊती स्थिर करणाऱ्या द्रावणातला) नमुना या कामाचा नाही.

आणि नियंत्रण सेक्शनमध्येच तयार बसलेले असते : शांत लिम्फोसाइटमध्ये एखादाच ठिपका असतो. त्यात चार-पाच दिसले तर रंग जास्त झाला, एकही नसेल तर कमी. गाठीच्या पेशी मोजण्याआधी ते पाहा.

प्रश्न : औषध दिल्यावर पेशीतले आरएनए बनणे थांबले का, हे तासाभरात चांदीने कळेल? आणि उरलेल्या चांदीचे काय करायचे?
— एक वाचक, अलकापुरी

तासाभरात नाही. ॲक्टिनोमायसिन डी ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति मिली एवढ्या कमी मात्रेत पॉलिमरेज १ लाच रोखते. न्यूक्लिओलस आकसतो, पण चांदी धरणारी प्रथिने लगेच नाहीशी होत नाहीत, ठिपका काही काळ तसाच दिसतो. ताजा आरएनए पाहायचा असेल तर जिवंत पेशींना १ मिलिमोलर ५-इथिनिल युरिडिन (नव्या आरएनएत जाऊन बसणारे खुणेचे रसायन) अर्धा ते एक तास द्या, स्थिर करा आणि तांब्याच्या साहाय्याने त्या खुणेला चमकणारा ॲझाइड रंग जोडा. चालू न्यूक्लिओलस उजळ दिसतो, औषधाने थांबलेला अंधारात राहतो. तुलनेसाठी ॲक्टिनोमायसिनची एक स्लाइड प्रत्येक खेपेला ठेवा, नाहीतर अंधार औषधाचा की खराब रसायनाचा, हे सांगता येणार नाही.

उरलेली चांदी बेसिनमध्ये ओतू नका. एका बरणीत जमवा, स्वयंपाकाचे मीठ घाला. पांढरा साका खाली बसतो, तो गोळा करून विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्या. त्या बरणीत अमोनिया चुकूनही जाऊ देऊ नका. अमोनिया मिसळलेली चांदी ठेवून दिली की त्यातून धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो. जुन्या अमोनियाच्या पद्धतीने काम करत असाल तर द्रावण त्याच दिवशी आम्ल आणि मीठ घालून निकामी करा, रात्रभर राहू देऊ नका. हाताला लागलेले काळे डाग साबणाने जात नाहीत; आठ-दहा दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघून जातात.